फरक सापडेपर्यंत

२०२५च्या जुलैमधली गोष्ट. मढच्या कोळीवाड्यात हा महिना वरवर पाहता निवांत असतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, बोंबील वाळत घालायचे बांबू रिकामे, आणि पावसाची सर चुकवीत माणसे ओसरीवर जाळी दुरुस्त करीत बसलेली. पण खरे म्हणजे हाच महिना कर्जाचा. नारळी पौर्णिमेला समुद्रात उतरायचे तर जाळे हवे, दोर हवेत, इंजिनाचे काम हवे, खलाशांना उचल हवी. पैसा मात्र दोन महिने आलेला नसतो.

निवृत्तीनंतर मी मढला राहायला आलो. हा माणूस बँकेत अधिकारी होता, हे गावात कळायला आठवडाही लागला नाही. मी कादंबऱ्या लिहितो हे अजून फारसे कोणाला माहीत नाही आणि त्याने कोणाचे काही अडतही नाही. त्यामुळे मुदतठेवीच्या पावत्या, वारसाचे अर्ज, विम्याचे कागद आणि कर्जाची भेंडोळी संध्याकाळी माझ्या ओसरीवर येतात.

त्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. बरोबर मुलगी. मालाडच्या एका महाविद्यालयात ती बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षात नुकतीच गेलेली. एका कर्ज देणाऱ्या संस्थेचे कागद होते, सह्या व्हायच्या होत्या. कर्ज १ लाख रुपये, व्याज १२ टक्के, मुदत २ वर्षे, हप्ता ५,१६७ रुपये. मुलीने सगळे आधीच तपासले होते. तिने मोबाईल पुढे केला. एक लाखावर १२ टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज २४ हजार, एकूण १ लाख २४ हजार, भागिले २४. "बरोबर आहे, काका. मी दोनदा केलं."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांची शाळा तिसरीत सुटलेली. पहाटे धक्क्यावरच्या लिलावात पाटी घ्यायची, फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायचे आणि दुपारपर्यंत विकून परत यायचे, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "साहेब, मी दर महिन्याला थोरं थोरं फेरत जानार ना? सा महिन्यांनी माझ्यावर एवरं कर्ज नसंल. मंग याज पहिल्या दिसाएवरंच कसं?"

मी अडतीस वर्षे बँकेत काढली. इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या कर्जदारांनी विचारला.

ज्यांना हा व्यवहार परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण उद्या हा कागद आपल्याही घरी येऊ शकतो. कर्जावरचे व्याज दोन तऱ्हांनी लावता येते. एकात हप्ता फेडल्यावर उरलेल्या रकमेवरच पुढचे व्याज लागते. याला घटत्या शिलकेवरचे व्याज म्हणतात. दुसऱ्यात पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज धरतात. व्यवहारात त्याला 'फ्लॅट' म्हणतात. एक लाख, १२ टक्के, दोन वर्षे हेच आकडे घटत्या शिलकेने घेतले तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये येतो आणि एकूण व्याज १३ हजारांच्या आत राहते. आमच्या पुढ्यातल्या कागदाप्रमाणे ते २४ हजार होते. फरक ११ हजारांचा. उलट बाजूने हिशेब केला तर त्या कागदावरचे १२ टक्के प्रत्यक्षात सुमारे साडेएकवीस टक्के पडतात. वहिनींना टक्केवारी येत नव्हती, पण देणे कमी होत जाते तर भाडेही कमी व्हायला हवे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

खरा धक्का पुढे होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४पासून बँका आणि वित्तसंस्थांना प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य माहितीचे एक पत्रक द्यावे लागते. सगळे खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडते, तो खरा दर त्यात छापावा लागतो आणि पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. मी कागद उलटले. तिसऱ्या पानावर ते पत्रक होते. मराठीत होते. आकडाही होता, एकवीसच्या पुढचा. म्हणजे कोणी काही लपवले नव्हते.

"हे पान वाचलंस का?" मी मुलीला विचारले.

"वाचलं काका. पण मला वाटलं ते दुसरं काहीतरी असेल. पुढच्या कागदावर बाराच लिहिलंय ना."

मी विचारले, हे दोन प्रकारचे हप्ते तुम्हाला शिकवले नाहीत का? ती म्हणाली, "होते ना. पहिल्या वर्षाला. पण त्याचे पर्याय दिलेले असायचे. त्यातला एक बरोबर यायचा."

ही मुलगी मंद आहे असा समज कोणी करून घेऊ नये. घरातले सगळे ऑनलाइन अर्ज तीच भरते, वडिलांच्या परवान्याची कामे करते, धाकट्या भावाला शिकवते. तिला महाविद्यालयात चांगले गुण आहेत. तरीही स्वतःच्या घरच्या कर्जाचा कागद तिने वाचला आणि तो तिला कळला नाही. या 'वाचला' आणि 'कळला नाही' यांच्यामध्ये जी दरी आहे तिच्याविषयी आजचा हा लेख आहे.

मग मी तिला सांगितले, संस्थेला एक पत्र लिही. घटत्या शिलकेने कर्ज मिळेल का आणि मिळत असल्यास दरमहा किती मुद्दल, किती व्याज याचा तक्ता द्यावा, एवढेच विचार. दोन मिनिटांत तिने मोबाईलवरून एक पत्र काढून दाखवले. 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे सगळे जागच्या जागी. आमच्या वेळच्या हेडक्लार्कला हेवा वाटावा असे. त्यात 'परिशोधन तालिका' असा एक शब्द होता. परिशोधन म्हणजे काय, असे विचारले तेव्हा ती मोकळेपणाने हसली. "ते मोबाईललाच ठाऊक."

मी म्हटले, आता हाताने लिही. अर्ध्या तासाने चार ओळी आल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, पण त्या मी मोजल्या नाहीत. मी स्वतः शुद्धलेखनात फार पुण्यवान नाही. अडचण वेगळी होती. पत्र कोणाचे, कर्ज किती, कशासाठी, नेमके काय हवे आणि केव्हापर्यंत, यातले काहीच त्या चार ओळींत नव्हते. 'आम्हाला लोन पाहिजे आहे तर तुम्ही कमी करून सांगा' असा मजकूर होता. तिच्या मनात सगळे होते, विचारले की ती तोंडाने नीट सांगत होती. फक्त ते कागदावर उतरत नव्हते. समोर नसलेल्या माणसाला आपले म्हणणे कळेल अशा रीतीने ते मांडायचे असते, ही सवयच तिला कोणी लावली नव्हती.

इथवर वाचून काही वाचकांनी मान डोलावली असेल आणि 'आमच्या वेळी असे नव्हते' असे म्हटले असेल. मलाही तसे म्हणायचा मोह होतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होत्या, आम्हाला निदान तीसपर्यंतचे पाढे येत. पण त्या वेळी महाविद्यालयात जात किती जण होते? मढ, भाटी, एरंगळच्या किती मुली खाडी ओलांडून पदवीपर्यंत पोचत? वहिनींना तिसरीत शाळा सोडावी लागली, त्यांची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. देशात २०२१-२२मध्ये उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. यातल्या असंख्य घरांतले हे पहिलेच पदवीधर. ही मिळकत लहान नाही आणि तिला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

शिवाय आमच्या वेळचे कौतुक करताना एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. संगणक आल्यानंतरच्या काळात एकदा आमच्या शाखेची यंत्रणा दिवसभर बंद पडली. एका वृद्ध गृहस्थांना मुदतीपूर्वी ठेव मोडायची होती, रुग्णालयात पैसे भरायचे होते. हाताने व्याज काढायचे होते. शाखेतले आम्ही पाच जण अधिकारी कागद घेऊन बसलो आणि पाच वेगवेगळी उत्तरे आली. त्यातले एक माझे होते आणि ते चुकीचे होते. वापरात नसलेली विद्या गंजते, मग ती कोणाचीही असो. तेव्हा केवळ नव्या पिढीकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही.

पण प्रश्न आहे, हे आकडे सांगतात. 'प्रथम' या मुंबईतच सुरू झालेल्या संस्थेचा 'असर' हा पाहणी अहवाल दरवेळी चर्चेत येतो. जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी होती. २६ राज्ये, २८ जिल्हे, सुमारे ३५ हजार मुले. त्यातील चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित जेमतेम ४३ टक्क्यांना आले. यातली बहुतेक मुले शाळा-महाविद्यालयांत नाव असलेली होती. ही पाहणी खेड्यांतली आहे, मुंबईची नाही, असे म्हणून आपण सुटू शकतो. पण मढहून मालाडला जाणाऱ्या बसमध्ये रोज जी मुले भेटतात त्यांच्याशी बोलल्यावर ते समाधान टिकत नाही.

आणि हे फक्त आपलेच दुखणे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन दिएगो येथील शाखा नामांकित समजली जाते. तिथल्या प्राध्यापकांच्या एका समितीचा अहवाल नोव्हेंबर २०२५मध्ये बाहेर आला. माध्यमिक शाळेच्या पातळीचे गणितही न येणारे नवे विद्यार्थी २०२० ते २०२५ या पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाले, आठातला एक विद्यार्थी असा निघाला, असे त्यात म्हटले आहे. त्यांना विचारलेले एक गणित साधे होते. सात अधिक दोन बरोबर रिकामी जागा अधिक सहा. उजळणी वर्गातल्या पाव विद्यार्थ्यांना रिकाम्या जागी काय हे सांगता आले नाही. विशेष म्हणजे यातल्या अनेकांच्या शालेय प्रगतिपुस्तकात गणिताला उत्तम श्रेणी होती. करोनाकाळातली बंद शाळा, प्रवेशपरीक्षेची सक्ती काढून टाकणे आणि शाळांनी सढळ हाताने दिलेले गुण, ही कारणे त्या समितीने दिली आहेत.

मी हेच गणित माझ्याकडे येणाऱ्या सहा जणांना घातले. दोघांनी रिकाम्या जागी नऊ लिहिले. त्यांच्या दृष्टीने 'बरोबर' या खुणेचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच होता. दोन्ही बाजू सारख्या भरायला हव्यात, असा त्या खुणेचा अर्थ असतो, हे त्यांना शाळेतल्या दहा-बारा वर्षांत कोणी सांगितले नसावे. ताळेबंद शिकणाऱ्या मुलांची ही अवस्था.

सढळ गुणांची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या दहावीकडे पाहू. राज्याचा निकाल २०१८मध्ये ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांसारख्या विषयांतले शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. ते गुण परत आले आणि २०२०मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. दोन वर्षांत मुले आधी बारा टक्क्यांनी अडाणी आणि मग अठरा टक्क्यांनी शहाणी झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलले होते ते माप. २०२१मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. शेजारची मुलगी त्याच तुकडीतली. तिचे दहावीचे वर्ष एका खोलीत, चार माणसांत, एका मोबाईलवर गेले. ते वर्ष कोणी भरून दिले नाही, फक्त गुणपत्रिका दिली. दोष तिचा नव्हता, पण अकरावीत तिला कोणी 'तुझे काय राहिले आहे?' असेही विचारले नाही.

त्यानंतर वाटा निसरड्याच आहेत. वाणिज्य शाखेत अकरावीला गणित सोडता येते. मराठीच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते, त्यात गुण चांगले पडतात. इंग्रजी असते, पण ते अपेक्षित प्रश्नांच्या पाठ केलेल्या उत्तरांचे. वर्गात शंभर-सव्वाशे मुले. अनेक जागा रिकाम्या, शिकवणारे तासाच्या हिशेबावर नेमलेले, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावणारे. त्यांनी दर आठवड्याला सव्वाशे निबंध तपासावेत अशी अपेक्षा कोण करील? २०२४च्या ऑक्टोबरात तर दहावीला गणित आणि विज्ञान यांत ३५ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ देण्याचा विचार राज्याच्या नव्या आराखड्याच्या निमित्ताने पुढे आला. पुढे गणित-विज्ञान घ्यायचे नाही अशा अटीवर. त्यामागे मुलांची गळती थांबवण्याचा हेतू होता आणि तो चांगला आहे. पण ज्याला शंभरात वीस येते त्याला पुढे जाऊ देताना उरलेले कोण शिकवणार, हे त्याच वेळी ठरायला हवे. नाहीतर दार उघडले जाते आणि पायरी मात्र बांधलेली नसते.

आपल्याकडे अशा प्रश्नांवर शांतपणे बोलायची सवयही उरलेली नाही. २०१९मध्ये 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने वीस एक, वीस दोन अशी वाचनाची सोपी रीत दिली गेली. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि लिहितो मात्र दशक आधी, शिवाय एकोणसत्तर आणि त्र्याण्णव अशा शब्दांत मुले अडखळतात, म्हणून काहींचे गणिताशी पहिल्याच पायरीवर बिनसते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर विधानसभेपर्यंत कोट्या झाल्या. रीत पटो न पटो, अडचण खरी होती. माझ्याकडच्या महाविद्यालयीन मुलांना मी 'अडुसष्ट' म्हटले की त्यांचे डोळे क्षणभर थांबतात, मग 'सिक्स्टी एट ना?' असे विचारतात. त्या वर्षी हसण्यात जेवढा वेळ गेला त्यातला थोडा तरी आपण मुले मोजायला कशी शिकतात हे समजून घेण्यात घालवला असता तर बरे झाले असते.

हे सगळे पाहिल्यावर मला जे मूळ कारण वाटते ते सांगण्यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागेल. १९८१ साली मी बँकेत नवा कारकून होतो. तेव्हा खाती जाड लेजरांत हाताने लिहीत. ठरावीक काळाने सगळ्या खात्यांची बेरीज मुख्य खातेवहीशी जुळवायची असे. एका रात्री माझ्या लेजरात ६३० रुपयांचा फरक निघाला. साडेनऊ वाजले होते. मी रडकुंडीला आलो. आमचे हेडक्लार्क चहाचा कप ठेवून म्हणाले, "सहाशे तीसला नऊने भाग जातो का बघ." गेला. "मग कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिले आहेस." एकाच संख्येतले आकडे इकडचे तिकडे झाले की येणाऱ्या फरकाला नऊने निःशेष भाग जातो, हे त्या रात्री मला कळले. पाऊण तासाने चूक सापडली. १,८१० रुपयांचे मी १,१८० केले होते.

त्या नियमापेक्षाही मोठी गोष्ट मी त्या रात्री शिकलो. फरक सापडेपर्यंत घरी जायचे नाही. आपण लिहिले ते चुकलेले असू शकते, चूक शोधता येते, ती शोधण्याच्या रीती आहेत आणि ती दुरुस्त केल्याशिवाय काम संपत नाही. शाळेत हेच काम मराठीच्या गुरुजींची लाल शाई करीत असे. निबंधाची वही परत यायची तेव्हा पानभर लाल खुणा असत आणि शेवटी 'पुन्हा लिहा' असे दोन शब्द. त्या दोन शब्दांचा आम्हाला राग येई. आज वाटते, मला कादंबरी लिहिता आली ती त्या दोन शब्दांमुळे.

लेखन आणि गणित हे दोन वेगळे विषय आहेत असे आपण मानतो. पण दोन्हींत एकच सवय लागते. कागदावर उतरवलेले परक्या नजरेने पुन्हा पाहायचे, आणि 'हे खरेच असे आहे का?' असे स्वतःला विचारायचे. शेजारच्या मुलीची बेरीज, गुणाकार, भागाकार बिनचूक होते. उत्तराकडे संशयाने पाहायची सवय तिला नव्हती. तिच्या आईला ती बाजाराने लावली, कारण तिथे चुकले की संध्याकाळी पाटीतच फरक दिसतो. मुलीला ती कोणी लावली नाही, कारण तिच्या चुकीचा कोणालाच त्रास होत नव्हता. पर्यायांतला एक निवडायचा, बरोबर की चूक हे यंत्र सांगणार, आणि चूक का झाली हे कोणीच सांगणार नाही. आता पत्रही मोबाईल लिहून देतो आणि ते इतके गुळगुळीत असते की त्यात चूक शोधायला नखही शिरत नाही.

ही चैनीची गोष्ट नव्हे. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि त्याबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, अशी त्यांची मागणी होती. हिशेब त्यांनी का मागितला हे सांगायला नको. कागद ज्याला कळत नाही त्याची जमीन जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आज कागद छापील झाला आहे, खरा दर सांगायची सक्ती झाली आहे, मुलगी पदवीपर्यंत पोचली आहे. तरी सही करताना ती तशीच उभी असेल तर आपण तिला नक्की काय दिले?

आपल्याच महाराष्ट्रातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण अशी आपल्या शिक्षणाची मांडणी केली होती. संख्या आपण गाठत आलो. पण गुणवत्ता सुटली की समताही सुटते, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणीला पैसा आहे, कागद वाचून देणारा मामा वकील आहे, त्यांचे फारसे बिघडत नाही. ढिल्या परीक्षेचा तोटा होतो तो ज्याच्याजवळ शाळेशिवाय दुसरे काहीच नाही त्याला. 'गरीब मुलांवर ताण नको' म्हणून जे गुण वाटले जातात त्यांची किंमत शेवटी तीच मुले व्याजासकट फेडतात.

उपाय मोठे आहेत तसे लहानही आहेत. रिकाम्या जागा भरणे, वर्ग लहान करणे, अकरावीच्या दारात प्रत्येक मुलाचे काय राहिले ते तपासून तीन महिन्यांचा भरणा वर्ग चालवणे, ही सरकारची आणि विद्यापीठांची कामे. त्यांचा पाठपुरावा व्हायलाच हवा. महाविद्यालयांना एक गोष्ट आजही करता येईल. आठवड्याला एकच परिच्छेद, वर्गात बसून, हाताने लिहिलेला. सगळे तपासणे जमणार नसेल तर दर आठवड्याला वीस तपासा, उरलेले मुलांनी एकमेकांचे तपासावेत. पण तो परत मिळाला पाहिजे आणि पुन्हा लिहिला गेला पाहिजे.

घरातली कामे आपली. माझ्या ओसरीवर आता रविवारी सकाळी सहा मुले तासभर बसतात. पुस्तक नसते. एकदा विजेचे बिल घेतो. शंभर युनिटांपुढे दर बदलतो तर बिल किती यावे ते आधी अंदाजाने सांगायचे, मग कागदावर काढायचे, मग मोबाईलवर पडताळायचे. क्रम हाच, उलटा नाही. एकदा दुकानातली सूट घेतो. ४० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के म्हणजे ६० टक्के नव्हे, ५२, हे समजले तेव्हा दोघे जण खरेच चिडले होते. मला त्यांचे चिडणे आवडले. मग अर्धे पान लिहायचे, समोर नसलेल्या माणसासाठी. मढ धक्क्यावरून माझ्या घरी कसे यायचे, एवढा विषय पहिल्या दिवशी दिला होता. त्या वर्णनाने चालत गेलेला माणूस तिघांच्या बाबतीत समुद्रात पोचला असता. दुसऱ्या खेपेला सगळे जण घरी पोचले.

शेजारच्या मुलीने ते पत्र चार वेळा लिहिले. चौथे सात ओळींचे होते आणि त्यात परिशोधन नव्हते. संस्थेतल्या माणसाने ते वाचून 'इतकी चौकशी कोणी करत नाही' असे सांगितले आणि घटत्या शिलकेची सोय नसल्याचे कळवले. मग दुसरीकडे अर्ज केला, तिथे ते मिळाले, पण वेळ गेला. नारळी पौर्णिमेला बाकीच्या होड्या उतरल्या, त्यांची आठ दिवस मागे राहिली. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातली मासळी गेली, म्हणजे खरोखर पैसा गेला. मी वहिनींना म्हटले, माझ्यामुळे नुकसान झाले. त्यांनी क्षणभर बोटांची पेरी मोजली. "नाय साहेब. आठ दिस गेले त्याचं धरूनशी बी आपन वरच हाव." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "कागदावर मांडून दाव साहेबांना."

मुलीने वही उघडली. मोबाईल तिने खिशातच ठेवला होता. दोन रकाने आखले, दोन्ही बाजू मांडल्या, बेरीज केली. मग माझ्याकडे वही देण्याआधी, मी काही न सांगता, तिने ती एकदा वरून खालपर्यंत पुन्हा तपासली.